आकडा सुधारला, माणसाचे काय?

(मंडळाच्या आरोग्य शिबिराच्या पूर्वतयारीसाठी भरलेल्या सभेत केलेले भाषण. काही सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



प्रथम श्रीगणरायाला वंदन करतो आणि लगेच एक खुलासा करतो. मी डॉक्टर नाही. मिरजेला डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रुळांची देखभाल करणारा साधा इंजिनिअर आहे. त्यामुळे मधुमेह आणि रक्तदाब या विषयावर बोला, असे चिटणीसांनी सांगितले तेव्हा मी म्हटले, "अहो, आपल्या मंडळात डॉक्टर मंडळी आहेत की!" ते म्हणाले, "डॉक्टर दरवर्षी बोलतात. गेल्या वर्षीच्या शिबिराचा हिशेब तुमच्याकडे होता, यंदा तुम्ही बोला."

हिशेब हा शब्द मला लागला. कारण तो हिशेब मी चुकीचा मांडला होता. कसा, ते शेवटी सांगतो. त्याआधी थोडे फिरून यावे लागेल. रेल्वेच्या माणसाला तेवढी सवलत द्या!

सुरुवात माझ्या खात्यापासून करतो. गाडी वेळेवर धावली की नाही, हे मुख्यतः ती शेवटच्या स्टेशनावर केव्हा पोचली यावरून ठरते. म्हणून वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याला थोडा जादा वेळ राखून ठेवतात. त्यामागे कारणही आहे. वाटेत झालेला उशीर भरून काढायला कुठेतरी जागा हवीच. पण त्याचा परिणाम आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. गाडी मधल्या स्टेशनांवर तासभर उशिरा आणि शेवटी 'राइट टाइम'! कागद खोटा नाही. पण रात्री तीन वाजता मधल्या स्टेशनावर लहान मूल कडेवर घेऊन ताटकळलेल्या बाईला त्या 'राइट टाइम'चा काय उपयोग?

आता माझी स्वतःची चूक सांगतो. नोकरीतली सुरुवातीची वर्षे होती. रुळांची तपासणी करायला एक खास गाडी येते, तिला ट्रॅक रेकॉर्डिंग कार म्हणतात. ती धावता धावता दोन रुळांमधले अंतर, त्यांची पातळी, पीळ आणि वाकडेपणा मोजते. त्यावरून प्रत्येक किलोमीटरचा एक निर्देशांक निघतो, त्याला आम्ही टीजीआय म्हणतो. गाडी येणार म्हटले की माझ्या अंगात वारे शिरायचे. सगळे गँगमन घेऊन मी पंधरा दिवस फक्त पॅकिंग करून घेतले. खडी बसवली, पातळी साधली. त्या गडबडीत एका कटिंगमधले गटार साफ करायचे राहिले. ते गटार ती गाडी मोजत नाही ना! निर्देशांक फार छान आला. पाठीवर शाबासकीची थाप पडली. पावसाळ्यात त्याच कटिंगमध्ये पाणी तुंबले, खालची माती खडीतून वर आली, रूळ बसला आणि गाड्यांना ताशी तीस किलोमीटरचे बंधन घालावे लागले. कुणाला इजा झाली नाही, ही गणरायाची कृपा. आमचा म्हातारा मुकादम मला एवढेच म्हणाला, "साहेब, गाडी बघून गेली, पाणी नव्हतं बघून गेलं."

त्या दिवशी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. निर्देशांक हा एका किलोमीटरचा एकूण गोषवारा असतो. किलोमीटर चांगला असू शकतो आणि त्यातलीच एखादी जागा वाईट असू शकते. गाडी गोषवाऱ्यावरून घसरत नाही. ती घसरते एका जागेवर.

हे सगळे मी आरोग्याच्या सभेत का सांगतो आहे? कारण पुढे हीच गोष्ट माझ्या घरात घडली.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सांगली जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर माझ्याकडे हेब्बाळला आले. मधुमेह जुना. सकाळी तळ्याकाठी फिरायला जायचे, येताना कानडी पेपर आणून अक्षर अक्षर लावत वाचायचे. इथे ज्यांच्याकडे त्यांचे उपचार चालू होते तिथे एक पद्धत होती. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी ही रक्ततपासणी करायची. साधी साखर त्या क्षणाची असते, ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर फाइलवर हिरवी चिकटपट्टी, वर असेल तर लाल. हेतू चांगलाच होता. पेशंटला समजावे, हुरूप यावा.

पण अण्णा पडले शिक्षक. आयुष्यभर दुसऱ्यांना मार्क देणारा माणूस सत्तरीनंतर स्वतः मार्क मिळवू लागला! पूर्वी ते तपासणीआधी तीन दिवस गोड सोडायचे. ही तपासणी तीन महिन्यांचा हिशेब काढते हे कळल्यावर त्यांनी 'अभ्यास' वाढवला. रात्रीचे जेवण एका भाकरीवर, मग अर्ध्या भाकरीवर आणले. गोळी मात्र तेवढीच. आई म्हणायची, "अहो, हात थरथरतोय तुमचा." ते म्हणायचे, "असू दे. मागच्या वेळी साडेसहा होते, या वेळी सहाच्या जवळ आणतो." घामाघूम होऊन पहाटे जाग येते, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलेच नाही. कारण ते कुणी विचारले नव्हते. विचारला जायचा तो आकडा.

एका पहाटे चारच्या सुमारास न्हाणीघरात धप्प असा आवाज झाला. जाऊन पाहिले तर अण्णा पडलेले, अंग गार, घामाने भिजलेले. साखर मोजली तर ४२. साखरपाणी पाजून शुद्ध आली, पण खुब्याचे हाड मोडले होते. त्याच आठवड्यात तपासणीचा अहवाल आला, ६.१. फाइलवर हिरवी पट्टी लागली आणि पट्टीखाली लिहिलेले होते, 'उत्तम नियंत्रण'.

मी तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. मला माझे कटिंग आठवले. सरासरी उत्तम होती. माणूस एका पहाटे पडला. अण्णा आता वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जातात. तळे तिथून दिसते, पण ते तळ्यावर जात नाहीत.

मी कुणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. डॉक्टर मनापासून पाहत होते, अण्णा मनापासून पथ्य करत होते, आकडाही खरा होता. सगळे आपापल्या जागी बरोबर असताना माणूस पडला. याचेच मला कोडे पडले आणि मी वाचू लागलो.

वाचताना कळले की जाणकारांनाही याचा धक्का बसलेला आहे. अमेरिका आणि कॅनडात 'ॲकॉर्ड' नावाची एक मोठी चाचणी झाली. हृदयविकाराचा धोका असलेले १०,२५१ मधुमेही त्यात होते. निम्म्यांचा एचबीए१सी सहाच्या खाली आणायचा, निम्म्यांचा सात ते ७.९ च्या दरम्यान ठेवायचा. सर्वांची अपेक्षा होती की सहावाले जास्त जगतील. झाले उलट. साडेतीन वर्षांच्या सुमारास पहिल्या गटात २५७ मृत्यू आणि दुसऱ्या गटात २०३. फेब्रुवारी २००८ मध्ये कडक नियंत्रणाचा तो भाग वेळेआधी थांबवावा लागला. याचा अर्थ साखर कशीही वाढू द्यावी असा कुणीही काढू नये! साखर ताब्यात ठेवल्याने डोळे, मूत्रपिंड, नसा वाचतात, हे ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासाने १९९८ साली दाखवून दिलेच आहे. अर्थ एवढाच, की एकच आकडा सर्वांना लावता येत नाही. तरुणाला जो आकडा योग्य तो वयस्कर, थकलेल्या माणसाला योग्य असेलच असे नाही. म्हणूनच आता तज्ज्ञ वयस्क आणि इतर आजार असलेल्यांसाठी आठपर्यंतची मोकळीक देतात. आमच्या अण्णांना ती मोकळीक हवी होती.

हे झाले एका पेशंटचे. जेव्हा डॉक्टरलाही मार्क मिळू लागतात तेव्हा काय होते? ब्रिटनमध्ये एप्रिल २००४ पासून फॅमिली डॉक्टरांच्या उत्पन्नाचा मोठा भाग अशा मार्कांना जोडला गेला. रक्तदाबाच्या रुग्णाचे वरचे माप १५० किंवा त्याखाली असेल तर गुण. सुरुवातीला फायदाही झाला. तपासण्या नियमित झाल्या, नोंदी सुधारल्या. पण नोंदी तपासणाऱ्यांना एक गंमत आढळली. ही पद्धत आल्यावर १४८-१४९ अशी मापे वाढली आणि १५० च्या जरा वरची कमी झाली. आता माणसांचे रक्तदाब काही सरकारी परिपत्रक वाचून खाली येत नाहीत! आणि ज्या गोष्टींना गुण नव्हते, उदाहरणार्थ आपल्या नेहमीच्याच डॉक्टरकडे जायला मिळणे, त्या मागे पडल्या. स्कॉटलंडने तर २०१६ साली ही पद्धत बंदच केली.

तुम्ही म्हणाल, हे सगळे साहेबांच्या देशातले झाले. आपल्याकडचे काय? तर मित्रहो, सर्वांत मोठा धडा आपल्याच घरचा आहे. तो आहे कुष्ठरोगाचा.

कुष्ठरोग म्हटला की मराठी माणसाला वरोऱ्याचे आनंदवन आणि बाबा आमटे आठवतात, अमरावतीचे तपोवन आणि डॉ. शिवाजीराव पटवर्धन आठवतात. महाराष्ट्राने या आजाराशी जेवढी माणुसकीची लढाई दिली तेवढी क्वचितच कुणी दिली असेल. हाही मधुमेहासारखाच सावकाश चालणारा, वर्षानुवर्षांचा आजार. १९९१ साली जागतिक आरोग्य परिषदेने ध्येय ठरवले की २००० सालापर्यंत कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी करायचे. तेवढे झाले की 'निर्मूलन' झाले असे म्हणायचे.

आता इंजिनिअरच्या नजरेने या आकड्याकडे पाहू. तो मोजतो काय? ज्यांची नावे रजिस्टरवर आहेत आणि ज्यांचे औषध चालू आहे, तेवढेच रुग्ण. म्हणजे हा एक हौद समजा. नळाने नवे रुग्ण आत येतात, औषध संपले की दुसऱ्या बाजूने बाहेर जातात. हौदातल्या पाण्याची पातळी हा आपला आकडा. पातळी खाली आणायचे तीन मार्ग आहेत. एक, खरोखर रोगाचा प्रसार कमी करणे. दोन, रुग्णाने हौदात राहायचा काळ कमी करणे. तीन, नळ थोडा आवळणे, म्हणजे नवे रुग्ण शोधायला न जाणे.

१९९८ च्या सुमारास जास्त जंतू असलेल्या रुग्णांच्या औषधाचा काळ चोवीस महिन्यांवरून बारा महिने झाला. वैद्यकीय दृष्टीने तो निर्णय योग्यच होता, रुग्णाची सोयही झाली. पण त्या गटापुरती हौदाची पातळी आपोआप निम्मी झाली, एकही माणूस कमी आजारी न पडता! पुढे कुष्ठरोगाचे स्वतंत्र खाते सर्वसाधारण आरोग्य सेवेत मिसळले गेले. घरोघर फिरून चट्टे शोधणे थांबत गेले. डिसेंबर २००५ मध्ये भारत त्या रेषेच्या खाली गेला. 'निर्मूलन' जाहीर झाले.

नव्या रुग्णांचे आकडे पाहा. २००२ साली देशात ४ लाख ७३ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. २००६ साली १ लाख ३९ हजार. चार वर्षांत एवढी घट! या रोगाचा जंतू इतका संथ की लागण झाल्यापासून खूण दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही लागतात. असा आजार चार वर्षांत तिसऱ्या हिश्शावर कसा येईल? काही घट खरी होती, आधीच्या काळातल्या दुबार नोंदीही त्यात कमी झाल्या असतील. पण पुढची दहा वर्षे आकडा सव्वा लाख ते एक लाख पस्तीस हजारांच्या आसपास तसाच थबकला. आजार खरोखर हटत असता तर तो खाली जात राहिला असता. त्याच काळात नव्या रुग्णांपैकी हातपाय वाकडे झाल्यावर, डोळ्यांवर परिणाम झाल्यावर येणाऱ्यांचे प्रमाण वाढत गेले. म्हणजे माणसे उशिरा सापडत होती. शेवटी २०१६ साली सरकारनेच निवडक जिल्ह्यांत पुन्हा घरोघर शोधमोहीम घेतली. तीस हजारांहून अधिक नवे रुग्ण मिळाले. ते आकाशातून पडले नव्हते. ते होतेच, फक्त मोजले जात नव्हते. सरकारने ते मान्य करून पुन्हा शोध सुरू केला, हे मात्र मोठ्या मनाचे काम झाले.

आणखी एक गोष्ट. औषध संपले की नाव कटते, पण बधिर झालेला पाय बधिरच राहतो. काटा रुतला तरी कळत नाही, जखम होते, चिघळते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या अशा पायांवर अनेक वर्षे काम केले आणि तेच ज्ञान पुढे अमेरिकेत मधुमेहींच्या पायांसाठी वापरले गेले. मऊ रबराची एमसीआर चप्पल दोघांनाही लागते. वेदना होत नाही म्हणून दोघांचाही पाय जातो. हे लक्षात ठेवा, मला शेवटी त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

मोजणीतून माणूस गळण्याची आणखी एक रीत आहे, ती आपल्याला जवळची आहे. इथून शहराकडे जाताना बल्लारी रस्त्यावर राष्ट्रीय क्षयरोग संस्था लागते. १९५९ सालची. तिथल्या संशोधनावर देशाचा क्षयरोग कार्यक्रम उभा राहिला. त्या कार्यक्रमात पुढे ध्येय आले की नोंदवलेल्या नव्या रुग्णांपैकी ८५ टक्के बरे झाले पाहिजेत. ध्येय उत्तमच. पण २००२ साली दिल्लीतल्या पाहणीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की ज्यांचा पत्ता पक्का नाही, जे मजूर मध्येच गाव सोडून जातील, अशांना नोंदवून घ्यायलाच कर्मचारी कचरत होते. औषध अर्धवट सुटले तर टक्केवारी बिघडेल! म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज, तोच दाराबाहेर. आणि टक्केवारी छान.

मग काय, आकडेच नकोत? नाही मित्रहो. मोजल्याशिवाय रूळ सांभाळता येत नाही आणि आजारही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगितले. आपल्या गोव्यात तर सव्वीस टक्क्यांहून अधिक प्रौढांना मधुमेह! हे न मोजता कळले असते का? प्रश्न आहे तो काय मोजायचे आणि कशासाठी मोजायचे याचा.

चांगले उदाहरणही आपल्याकडचेच देतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये रक्तदाब नियंत्रणाचा एक राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा होते. २०२२ साली त्याला संयुक्त राष्ट्रांकडून पुरस्कारही मिळाला. मला त्यातली एक साधी युक्ती फार आवडली. दर तिमाहीला ते फक्त 'आलेल्यांपैकी किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली' एवढे पाहत नाहीत. नोंदवलेल्या सर्वांमधून 'जे आलेच नाहीत' त्यांचा वेगळा आकडा काढतात. न आलेला माणूस पुसला जात नाही. तो कागदावर राहतो आणि विचारतो, मला कोण शोधणार? माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. आकडा असा हवा की त्यात आपली चूक दिसली पाहिजे.

आता माझा हिशेब.

गेल्या वर्षीच्या आपल्या शिबिराचा मी संयोजक होतो. वार्षिक अहवालात मी अभिमानाने लिहिले, 'आरोग्य शिबिरात एकूण १६४ जणांची तपासणी करण्यात आली, गतवर्षीपेक्षा ४० ने अधिक.' तुम्ही टाळ्या वाजवल्या. त्याच अहवालावरून देणगीदारांनी यंदा रक्कम वाढवली.

आकडा वाढावा म्हणून मी काय केले ते ऐका. डॉक्टरांना सांगितले की एका माणसाला तीन मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका, रांग मोठी आहे. ज्यांची साखर वाढलेली निघाली त्यांच्या हातात एक चिठ्ठी दिली, 'आपल्या डॉक्टरांना दाखवावे.' त्या चिठ्ठीची नक्कल ठेवली नाही. दुपारी मांडव घालणारे चार-पाच मजूर रांगेत येऊन उभे राहिले. यादगीर-रायचूरकडचे, पलीकडच्या बांधकामावर राहणारे. मी त्यांना म्हटले, "शिबिर सभासदांसाठी आहे." खरे कारण वेगळे होते. अर्जावर पत्ता आणि सभासद क्रमांक भरायचा होता, तो रकाना रिकामा राहिला असता आणि अहवाल विस्कळीत दिसला असता. दिल्लीतल्या कर्मचाऱ्यांना नावे ठेवायचा मला काय अधिकार?

चिठ्ठी मिळालेल्यांत आपल्या सोसायटीतले एक काका होते. मी नाव सांगत नाही, त्यांची परवानगी घेऊनच बोलतो आहे. त्यांची साखर तीनशेच्या वर होती. पायाच्या अंगठ्याला लहानशी जखम होती. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी बूट काढून दाखवली नाही. आणि तीन मिनिटांत कुणी बूट काढायला सांगितले नाही. काका घरी गेले. मुलाला म्हणाले, "शिबिरात तपासून आलो, डॉक्टर काही बोलले नाहीत." चिठ्ठी शर्टाच्या खिशात राहिली आणि धुण्यात गेली. पाच महिन्यांनी त्यांची दोन बोटे कापावी लागली.

मी भेटायला गेलो तेव्हा काकाच मला धीर देत होते. "अरे, तुमची काय चूक? तुम्ही तर तपासलंत." त्या वाक्याने माझी झोप उडाली. शिबिर नसते तर कदाचित ते स्वतःहून कुठेतरी गेले असते. आमच्या शिबिराने त्यांना 'तपासणी झाली' असे समाधान दिले. १६४ मध्ये काकाही एक होते. माझ्या अहवालात ते यशात मोजले गेले आहेत.

म्हणून यंदाच्या शिबिरासाठी कार्यकारिणीपुढे माझी नम्र विनंती आहे.

पहिली, अहवालात 'किती जण तपासले' हा आकडा पहिला नको. पहिला आकडा हवा, 'ज्यांना पुढे जायला सांगितले त्यांपैकी तीन महिन्यांत किती जण खरोखर डॉक्टरकडे गेले.' आणि त्याच्याच शेजारी, न गेलेल्यांचा. तो आकडा छापताना आपल्याला कमीपणा वाटेल. वाटू दे. स्मरणिकेत छापा.

दुसरी, त्यासाठी एक वही ठेवू. तरुण मुले-मुली दरवर्षी मिरवणुकीत ढोल-ताशा इतका जीव तोडून वाजवतात. त्यांच्यातल्या प्रत्येकाने पाच घरे वाटून घ्यावीत. महिन्यातून एक फोन, "काका, गेला होतात का? काकू, पाय पाहिलात का?" अडलेले असेल तर सोबत जायचे. आणि साखर जास्त निघाली म्हणून कुणाला रागवायचे नाही, कमी निघाली म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत. घाम येतो का, चक्कर येते का, रात्री जेवता का, हे विचारायचे. आमच्या अण्णांना हे कुणी विचारले असते तर! विचारायला हवे होते ते मीच. घरात मीच होतो.

तिसरी, मांडवाच्या दारात पत्ता विचारायचा नाही. मांडव ज्यांनी घातला त्यांना मांडवात जागा हवी. पत्त्याचा रकाना रिकामा राहिला तर मोबाइल नंबर लिहू. बाप्पा काही सभासद क्रमांक पाहून दर्शन देत नाहीत.

याने एक गोष्ट नक्की होईल. यंदा तपासलेल्यांची संख्या कमी होईल. कदाचित शंभरच होईल. देणगीदार विचारतील, "हे काय, घसरलात?" त्यांना उत्तर द्यायची जबाबदारी माझी. मी त्यांना काकांकडे घेऊन जाईन, काकांनी त्याला होकार दिला आहे.

शेवटी मुकादमाचे वाक्य पुन्हा आठवतो. गाडी बघून जाते, पाणी बघून जात नाही. गटार आपल्यालाच पाहावे लागते, गाडी येवो न येवो.

 विघ्नहर्ता आपल्या सर्वांना आरोग्य देवो आणि एकमेकांची विचारपूस करायची बुद्धीही देवो.

गणपती बाप्पा मोरया!